सस्पेन्स खात्यातली शिल्लक

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला हिशेब शिकवणारे सर एक गोष्ट नेहमी सांगत. तेरीज जुळली नाही तर घाबरू नका, चूक शोधा. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी आकडे उलटसुलट पडले असतील, ५४ चे ४५ झाले असतील. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा, जमेची नोंद नावे पडली असेल. आणि एवढे करूनही काही सापडले नाही, वरून साहेब घाई करीत असेल, तर तो फरक तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाका. पण लक्षात ठेवा, सस्पेन्स खाते म्हणजे घर नव्हे, धर्मशाळा आहे. तिथे कोणी कायम राहायचे नसते.

आज वीस-बावीस वर्षे आम्ही कारकुनी करतो आहोत आणि सरांचे ते वाक्य विसरलेलो नाही. पण वाचकहो, आज हिशेबाबद्दल लिहायचे नाही. लिहायचे आहे ते टीव्हीवरच्या 'सी.आय.डी.' या मालिकेबद्दल. हसू नका. ज्या मालिकेवर आमच्या घराने वीस वर्षे जीव टाकला, तिचा नवा हंगाम पाहून आम्ही इतके हिरमुसले झालो आहोत की कुठेतरी मन मोकळे करणे भाग आहे.

'सी.आय.डी.' सोनी वाहिनीवर सुरू झाली ती २१ जानेवारी १९९८ ला. आम्ही तेव्हा त्याच पहिल्या वर्षात होतो. वस्तीत दहा बाय बाराची खोली, तीन घरांत मिळून एक केबलची जोडणी आणि टीव्ही आमच्याकडे. त्यामुळे प्रेक्षकही तिन्ही घरांचे. बायका पलंगाजवळ, पोरे खाली चटईवर आणि पुरुष मंडळी उंबऱ्यात. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. दिवसभर ग्रीस आणि डिझेलमध्ये राबलेला माणूस. पिक्चर लागला की पहिल्या गाण्याला घोरू लागायचा. पण 'सी.आय.डी.' लागली की ताठ बसायचा.

त्याचे कारण आम्हाला पुढे कळले. दादा म्हणत, "इंजिन कधी खोटं बोलत नाही. ड्रायव्हर खोटं बोलतो. इंजिनाला विचारलं की सगळं सांगतं." मालिकेत तेच चालायचे. प्रेत सापडायचे. भोवती चारजण रडत असायचे आणि त्यांतला एक खोटा रडत असायचा. मग एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवीत म्हणणार की काहीतरी गडबड आहे. अभिजीत उलटसुलट प्रश्न विचारणार, दया दार तोडणार, फ्रेडरिक्स काहीतरी वेंधळेपणा करून हसवणार आणि डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत कपड्याच्या धाग्यावरून, बुटाच्या चिखलावरून सांगणार की मेलेला माणूस काय म्हणतो आहे. दादांच्या लेखी ते इंजिन उघडण्यासारखेच होते.

दादा एक वही ठेवीत. आगारातल्या जुन्या, वापरून झालेल्या कागदांच्या कोऱ्या बाजू शिवून केलेली. दुसऱ्या जाहिरातीच्या वेळी त्यात तारीख टाकायचे आणि आपल्या मते खुनी कोण ते लिहायचे. भाग संपला की पुढे 'बरोबर' किंवा 'चूक'. चूक आली तर का चुकलो, तेही एका ओळीत. 'नोकरावर उगीच संशय घेतला', असे त्या वहीत एके ठिकाणी लिहिलेले आहे. आणखी एके ठिकाणी तेच वाक्य आहे, पण खाली दोन रेघा मारलेल्या. चौथी शिकलेल्या माणसाचे हे आत्मपरीक्षण आम्हाला आमच्या पदवीपेक्षा मोठे वाटते.

ही मालिका आपल्या माणसांना का आवडली, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. एक तर ती सगळ्या घराने एकत्र बसून पाहावी अशी होती. दुसरे म्हणजे तिच्यातली माणसे नोकरदार होती. वेळेवर येत, हाताशी आलेले काम संपवीत आणि दुसऱ्या दिवशी परत येत. एसीपीचे काम करणारे शिवाजी साटम हे खरोखरच बँकेत नोकरी करता करता नाटकात आलेले गृहस्थ. मालिका निर्माण करणारे बी. पी. सिंग हे मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन. त्या दोघांनी आधी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलीस तपासाची मालिका केली होती. म्हणजे या हिंदी झाडाचे मूळ मराठी मातीतलेच. पुढे २००४ साली या लोकांनी १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता, सलग चित्रित करून दाखवला. त्या दिवशी दादा वही लिहायचे विसरले.

आणि तिसरे, सगळ्यात महत्त्वाचे. रात्री झोपण्यापूर्वी, फार तर पुढच्या एक-दोन भागांत, खुनी सापडायचा. खाते बंद व्हायचे. दिवसभर ज्यांच्या कोणत्याच अर्जाचा निकाल लागत नाही अशा लोकांना, निदान एका अर्जाचा निकाल लागलेला पाहून झोप येत असे.

दोष नव्हते असे मुळीच नाही. दादा हयात असतानाही आम्ही त्यांच्याशी यावरून वाद घालत असू. एसीपी साहेब संशयिताच्या कानाखाली वाजवायचे आणि तो पोपटासारखा बोलू लागायचा. आमचे म्हणणे असे की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही आणि कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असे घटनेच्या विसाव्या कलमात लिहिले आहे. शिवाय फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात, एसीपी नव्हे. टीव्हीवर ती थप्पड नेहमी खऱ्या गुन्हेगारालाच बसते. खऱ्या ठाण्यात ती कोणाकोणाला बसते हे आमच्या वस्तीला कोणी शिकवायला नको. दादा हे ऐकून गप्प बसत आणि मग म्हणत, "तुझं बरोबर आहे. पण धाग्यावरून शोधलं ते तर खरं ना?"

ते खरे होते. आमची मुलगी आज रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला न्यायसहायक विज्ञान संस्थेत प्रवेश घ्यायचा आहे. वस्तीतल्या पोरीच्या डोक्यात हे कोठून आले? आजोबांच्या मांडीवर बसून डॉक्टर साळुंखेंची प्रयोगशाळा पाहताना आले. या उपकाराची नोंद आम्ही जमेच्या बाजूला ठळक केली आहे.

२७ ऑक्टोबर २०१८ ला मालिका थांबली. १५४७ भाग झाले होते. दादांनी वही दोरीने बांधून ट्रंकेत ठेवली. मग फ्रेडरिक्सचे काम करणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले. आम्ही त्या दिवशी दादरला शिवाजी पार्कवर मंडळाच्या पुस्तकांच्या स्टॉलची बांधाबांध करीत होतो. सहा डिसेंबरची गर्दी सुरू झाली होती. एका कार्यकर्त्याने मोबाईल पुढे केला. घरी फोन केला तर दादांना आधीच कळले होते. म्हणाले, "हसवणारा माणूस गेला." बस, एवढेच.

म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास जेव्हा जाहिरात आली की 'सी.आय.डी.' परत येते आहे, तेव्हा आमच्या घरात दुसरी दिवाळी झाली. दादांचे तेव्हा डायलिसिस चालू होते, आठवड्यातून दोनदा. रिक्षातून जाता-येता नातीला विचारायचे, किती दिवस राहिले? २१ डिसेंबर २०२४, शनिवार, रात्री दहा वाजता पहिला भाग लागला. ट्रंकेतली वही बाहेर निघाली होती. चष्मा पुसून झाला होता. आईने शेजारच्या ताईंनाही बोलावून आणले होते.

आणि वाचकहो, त्याच रात्री आमच्या मनात पाल चुकचुकली.

जाहिरातीतच दाखवले होते की दया अभिजीतवर गोळी झाडतो. वीस वर्षे ज्यांनी एका गाडीतून प्रवास केला, एकाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या मनातले ओळखले, ते दोघे आता एकमेकांचे वैरी. का वैरी, हे लगेच सांगायचे नाही. थोडे आज, थोडे उद्या, थोडे पुढच्या शनिवारी. त्यात बार्बोसा नावाचा जुना दुश्मन, त्याचे काम तिग्मांशू धूलिया यांनी केले आहे, तोही सावलीसारखा मागे लागलेला. दादांनी दुसऱ्या जाहिरातीला पेन हातात घेतले. बराच वेळ थांबले. मग नातीला म्हणाले, "अगं, पण मेलंय कोण? आणि तक्रार कोणाची आहे?"

दादांचा तो प्रश्न म्हणजे या नव्या हंगामाचे संपूर्ण परीक्षण आहे असे आम्हाला वाटते. आम्ही पुढे लिहितो आहोत ती केवळ त्याची फोड.

जुन्या मालिकेत एक फिर्यादी असायचा. कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी मुलगी मेलेली असायची आणि सी.आय.डी. त्याच्या दारात यायची. तो फिर्यादी बहुतेक वेळा बंगल्यातला असायचा, हेही खरे. आमच्यासारख्या वस्तीत ती निळी-पांढरी पाटी लावलेली गाडी क्वचितच शिरली; शिरली तरी संशयित धरायला. 'नोकरावर उगीच संशय घेतला', हे दादांनी दोनदा लिहिले ते उगीच नव्हे. तरीपण फिर्यादी होता. नव्या हंगामात मालिकेचा मोठा धागा असा आहे की गुन्हा सी.आय.डी.वरच होतो, सूड सी.आय.डी.चाच घेतला जातो, रडतात सी.आय.डी.वालेच आणि तपासही स्वतःचाच. मधूनमधून सुट्या केसेस येतात, पण त्या पाहुण्यासारख्या; घर आता साहेबांच्या भाऊबंदकीचे झाले आहे. ज्याच्यासाठी हे खाते उघडले तो फिर्यादी बाहेर बाकावर बसून राहिला आहे.

बाकाची ही गोष्ट आम्ही मनाने लिहीत नाही. सामाजिक कामानिमित्त आम्हाला अनेक ठाण्यांच्या बाकांवर बसावे लागले आहे. आपल्या लोकांना 'एसीपी' हा शब्द काही टीव्हीने शिकवलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, १९९५ च्या नियमांत तसे लिहिले आहे. आयुक्तालय असलेल्या शहरात तो तपास म्हणून एसीपीकडे जातो. किती आईबापांनी त्या दाराबाहेर वाट पाहिली आहे! ते दार कोणी दया येऊन तोडत नाही. ते आतून उघडायची वाट पाहावी लागते.

पहिल्या दिवशी ज्या शेजारच्या ताई आमच्याकडे मालिका पाहायला आल्या होत्या, त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा होता. एके सकाळी वस्तीपासून दोन किलोमीटरवरच्या नाल्यात सापडला. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. त्याची गाडी कुठे सापडली, मोबाईल कुठे गेला, आदल्या रात्री सोबत कोण होते, हे ताई सांगत होत्या आणि समोरचा माणूस दुसऱ्याच कागदावर सही करीत होता. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितले आहे. त्या निकालाची झेरॉक्स आम्ही पिशवीतच ठेवतो. तिसऱ्या खेपेला अर्जावर पोच मिळाली.

मग व्हिसेऱ्याची वाट पाहणे सुरू झाले. ताईंना तो शब्दही माहीत नव्हता. आमच्या मुलीने त्यांना समजावून सांगितले की पोटातल्या अवयवांचे भाग सील केलेल्या बरण्यांत घालून प्रयोगशाळेत पाठवतात आणि विष वगैरे आहे का ते तपासतात. ताई म्हणाल्या, "म्हणजे साळुंखे करतात तसं? मग एवढे दिवस का लागतात? टीव्हीत तर रात्रीतच कळतं." पोरगी आमच्याकडे पाहू लागली. आम्ही काय सांगणार? अहवाल सात महिन्यांनी आला. विष आढळले नाही, एवढेच त्यात होते. मग पोरगा नाल्यात कसा गेला? ते अजून सस्पेन्स खात्यात आहे.

आता पुन्हा मालिकेकडे येतो, कारण पुढे जे झाले ते याच ताईंमुळे आम्हाला नीट दिसले.

दादा जानेवारी २०२५ मध्ये गेले. नव्या हंगामाचे पाचसहा भागच त्यांना पाहायला मिळाले. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले आणि घरात ती एक रिकामी जागा राहिली, पलंगाच्या पायथ्याची. आईने त्या जागेवर कोणाला बसू दिले नाही, पण शनिवारी टीव्ही मात्र न चुकता लावायला सांगितला. म्हणाली, "त्यांना काय झालं ते कळायला नको का?" तिच्या बोलण्यातला 'त्यांना' कोणाला, ते आम्ही विचारले नाही.

एप्रिलमध्ये मालिकेने एसीपी प्रद्युम्नला मारले. बार्बोसाने घडवलेल्या स्फोटात. वाहिनीने रीतसर श्रद्धांजलीचे चित्र प्रसिद्ध केले. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. आई पदराने डोळे पुसत होती आणि आम्ही तिला हे खोटे असते असे सांगू शकत नव्हतो, कारण आमचाही घसा दाटला होता. साटम साहेबांचा जन्म १९५० चा, दादांच्याच मागेपुढे. आमच्या घराला त्या तीन महिन्यांत दुसऱ्यांदा वडीलधारा माणूस गेल्यासारखे झाले.

त्यांच्या जागी नवे एसीपी आले. पार्थ समथान नावाच्या तरुण नटाने काम केले. पात्राचे नाव आयुष्मान. आपल्याकडे प्रत्येक पत्रिकेवर 'आयु.' लिहायची पद्धत. म्हटले चला, या हुद्द्यावर एकदा तरी आपला माणूस आला! सगळे हसले. आईसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पोरगा बिचारा वाईट नव्हता. पण त्याला उभे राहायला जागाच दिली नाही. कारण काही आठवड्यांतच एसीपी प्रद्युम्न जिवंत परत आले आणि आयुष्मान साहेब आले तसे गेले.

ते परत आले त्या रात्री ताई आमच्याकडेच होत्या. पोरे टाळ्या वाजवीत होती. आई म्हणाली, "बघ, आले की नाही!" ताई उठल्या. साडी नीट केली. जाता जाता म्हणाल्या, "बरं झालं. त्यांचा तरी आला."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. इतकी वर्षे आम्ही या मालिकेच्या चुकांवर हसत आलो. उडणाऱ्या गाड्या, एका केसावरून सापडणारा पत्ता, डोळे मिटून उघडेपर्यंत येणारा अहवाल, सगळे पोटात घातले. हे मात्र पोटात जाईना. खुनाच्या गोष्टीत एक गोष्ट पवित्र असते, ती म्हणजे मेलेला माणूस मेलेला असतो. त्याच्यावरच तर सगळा तपास उभा. तो परत येऊ शकत नाही म्हणून तर त्याच्या वतीने कोणीतरी बोलायचे. पूर्वी याच एसीपीचा मुलगा नकुल गुन्हेगार निघाला आणि बापाला त्याच्यावर गोळी झाडावी लागली; ते दुःख त्या माणसाने पुढे वर्षानुवर्षे चेहऱ्यावर वागवले. हुलकावण्या जुन्या मालिकेतही होत्या. पण घराघरांतून खरे अश्रू गोळा करायचे, श्रद्धांजली वाहायची आणि मग नुसती गंमत केली म्हणायचे, हा हिशेब नव्हे. ही खोटी नोंद आहे. आमच्या धंद्यात तिला अफरातफर म्हणतात.

न्यायाने बोलायचे तर चांगलेही सांगितले पाहिजे. साटम साहेब पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरही नुसते उभे राहिले तरी पडदा भरतो. अभिजीतचे काम करणारे आदित्य श्रीवास्तव आजही प्रश्न विचारताना समोरच्याला घाम फोडतात. दयानंद शेट्टींची लाथ अजून दणकट आहे. सुट्या केसेसचे काही भाग जुन्या चालीवर होते आणि ते लागले की आमची आई पहिल्यासारखी पुढे सरकून बसायची. म्हणजे माणसे तीच आहेत, हात तेच आहेत. बिघाड वहीत आहे. प्रत्येक भागाची बेरीज त्याच दिवशी करण्याऐवजी सगळे पुढच्या पानावर ओढत नेण्याची जी रीत आता सगळीकडे आली आहे, ती इथेही शिरली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून ही मालिका नेटफ्लिक्सवरही दिसू लागली. मोबाईलवर एकापाठोपाठ दहा भाग पाहणाऱ्याला गोष्ट लांबलेली चालत असेल. शनिवारची वाट पाहणाऱ्याला ती चालत नाही.

आमच्या मुलीची तक्रार वेगळी आहे. ती म्हणते, "पप्पा, आता तर यांच्याकडे सांगायला खरं काहीतरी होतं." १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमात आले आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे जे काम डॉक्टर साळुंखे हौसेने करीत होते ते आता कायद्याने बंधनकारक होत आहे. किती माणसे लागतील, किती प्रयोगशाळा लागतील, सील तुटले तर काय होते, अहवाल उशिरा आला तर बाहेर बाकावर कोण बसलेले असते, यावर किती भाग निघाले असते! मालिका सुरू झाली डिसेंबर २०२४ ला, कायदा लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. अशा वेळी या लोकांनी आपसातच भांडत बसावे, याचे तिला वाईट वाटते. ती असेही म्हणते की आपण त्या प्रयोगशाळेत जाऊ तेव्हा पहिल्यांदा साचलेल्या बरण्या मोजू. आम्ही काही बोललो नाही. पण ते वाक्य आजोबांनी ऐकायला हवे होते.

कोणी म्हणेल, अहो, एका टीव्ही मालिकेवर किती लिहिता! समाजापुढे एवढे प्रश्न असताना? खरे आहे. पण ज्याला न्याय कसा दिसतो हे कधी प्रत्यक्ष पाहायला मिळाले नाही, त्याने तो कुठेतरी पाहिलेला असावा लागतो. नाहीतर तो मागायचा कसा? ताईंना ठाण्यात उभे राहून "मोबाईल कुठे आहे, शेवटचा फोन कोणाचा होता ते बघा" असे ठणकावून सांगता आले. सही करणारा माणूस दचकून वर बघू लागला होता. हा प्रश्न त्यांना कोणत्या शाळेने शिकवला? शनिवार-रविवारच्या रात्रींनीच ना? म्हणून ती मालिका ढिली पडली की आम्हाला लागते. परक्याची चूक कोणी वहीत लिहून ठेवत नाही.

मध्यंतरी आईने दादांची ट्रंक आवरायला काढली. वही मुलीने मागून घेतली. आम्ही दोघे रात्री ती पाहत बसलो. १९९८ ची शाई फिकी झालेली, मध्ये कुठे चहाचा डाग, कुठे आमच्याच लहान भावाने काढलेले बैलाचे चित्र. बरोबर, चूक, चूक, बरोबर. शेवटच्या पानावर नव्या हंगामाच्या नोंदी आहेत. अक्षर थरथरलेले. एका सुट्या केसपुढे 'बरोबर' आहे. त्याखाली शेवटची ओळ आहे ५ जानेवारीची. खुनी कोण, या रकान्यात दादांनी कोणाचेच नाव लिहिलेले नाही. लिहिले आहे, 'पुढच्या शनिवारी'.

पुढचा शनिवार त्यांना मिळाला नाही.

मालिका करणाऱ्या लोकांपर्यंत आमचे हे चार शब्द पोहोचतील असे नाही. पोहोचले तर एवढेच सांगणे आहे की साहेब, तुमचे प्रेक्षक फार साधे आहेत. त्यांतले कोणी डायलिसिसवरून आलेले असतात, कोणी रात्रपाळीला जायचे असतात, कोणाच्या घरी आधीच एक खाते उघडे पडलेले असते. त्यांच्यासाठी, जमेल तेव्हा, त्या दिवसाचा हिशेब त्या दिवशी बंद करत जा.

ताईंच्या अर्जाची पुढची तारीख आम्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. मुलगी म्हणाली, मीही येते. दादांच्या वहीत कोरी पाने बरीच उरली आहेत. ती तिने बरोबर घेतली आहे.